उतारा

दुःखी माणसाच्या हाती पुस्तक द्यावे, ही माझी फार जुनी खोड आहे. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाची बढती हुकली, कोणाची मुलगी सासरहून रुसून आली, की मी आपल्या कपाटासमोर उभा राहून विचार करू लागतो. सरोजिनीनगरच्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत होतो, तेव्हा शेजारच्या मराठी मंडळींनी मला ‘वैद्यबुवा’ असे नाव ठेवले होते. निवृत्त होऊन नोएडाला आलो, तेव्हा कपाटांबरोबर ही खोडही आली. तिचा मला अभिमान होता. तो अभिमान कसा उतरला, ते येथे सांगावयाचे आहे.

माझा भाचा २०२१ साली लातूर जिल्ह्यातून दिल्लीस आला. महाराष्ट्रातील शेकडो मुले ज्या परीक्षेसाठी येथे येतात, तिच्यासाठीच तोही आला होता. दर वर्षी दहा लाखांच्या आसपास उमेदवार त्या परीक्षेला अर्ज करतात आणि शेवटच्या यादीत सुमारे हजार नावे लागतात. खुल्या वर्गाला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळा बसता येते. आपल्या लोकांना या सहा संधी उदारपणाच्या वाटतात. मला आता तसे वाटत नाही. दार एकदाच लागले तर माणूस दुसरीकडे वळतो. ते सहा वेळा किलकिले राहिले, तर तो उंबऱ्याशीच बसून म्हातारा होतो.

जुन्या राजेंद्रनगरात त्याने खोली घेतली. खोली कसली, एका खोलीचे लाकडी फळ्यांनी केलेले तीन भाग होते, आणि त्यांतला मधला त्याचा होता. दिवसभर तो जाई ‘लायब्ररी’त. या वस्तीत लायब्ररी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकास सांगितले पाहिजे. तेथे पुस्तके नसतात. एक टेबल, एक खुर्ची, वर एक दिवा आणि मोबाईलसाठी एक विजेचे बटण एवढ्याचे महिन्याचे भाडे असते. आपापली पुस्तके घेऊन मुले तेथे बारा-बारा तास बसतात. कित्येक लायब्ऱ्या तळघरांत होत्या. बहिणीने आणि मेहुण्यांनी त्याच्या खर्चासाठी दीड एकर जमीन गहाण टाकली. सातबाराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढला. त्या उताऱ्याची नक्कल भाच्याच्या बॅगेत घडी करून ठेवलेली असे. ती तेथे कशासाठी, असे मी एकदा विचारले. “आळस आला की काढून बघतो,” असे त्याने उत्तर दिले. मला त्या वेळी त्याचे कौतुक वाटले!

२७ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणी-संस्थेच्या तळघरात पाणी शिरले, आणि तेथील लायब्ररीत अडकलेले तीन विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. माझा भाचा त्या वेळी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका तळघरात बसत असे. दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने जाऊन त्याला घरी घेऊन आलो. रस्त्यावर मुले घोषणा देत होती. हा त्यांच्याकडे न पाहता चालत होता. आपला त्या जगाशी काही संबंध उरलेला नाही, असा त्याचा चेहरा होता.

महिनाभरापूर्वी पूर्वपरीक्षेत आपण उत्तीर्ण झाल्याचे त्याने घरी कळवले होते, आणि बहिणीने गावच्या मारुतीला नारळही फोडला होता. तो आमच्याकडे आल्यावर चौथ्या दिवशी, त्याच्या टेबलावरील प्रवेशपत्र पाहून, मी संगणकावर निकालाची यादी उघडली. तीत त्याचा क्रमांक नव्हता. तिसऱ्यांदा नव्हता.

मी त्याला काही विचारले नाही. मी आपल्या सवयीप्रमाणे कपाटाकडे गेलो आणि ‘श्यामची आई’ काढून त्याच्या उशाशी ठेवली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते पुस्तक अवघ्या चार-पाच दिवसांत लिहिले. त्याने मराठी घरांची तीन पिढ्या मने धुऊन काढली आहेत; तेव्हा याचेही मन हलके होईल, रडू येईल, तो बोलू लागेल, असा माझा हिशेब होता. झाले ते उलटेच. तो जेवायला आमच्याबरोबर बसेनासा झाला. आठवड्याने एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा तो अंधारात गॅलरीत उभा होता. मला पाहून शांतपणे म्हणाला, “मामा, झोप लागावी आणि मग जागच येऊ नये, असं वाटतं.”

मी ती रात्र त्याच्याजवळ बसून काढली. सकाळी उठून प्रथम फोन केला तो सरकारच्या ‘टेली-मानस’ या सेवेला. तिचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालू आहे. मी तो कधीतरी वर्तमानपत्रात वाचून कॅलेंडरवर टिपून ठेवला होता, दुसऱ्या कोणासाठी म्हणून! तेथून मानसोपचारतज्ज्ञांकडे, आणि त्यांनी गोळ्या सुरू करून एका समुपदेशक बाईंकडे आम्हांला पाठवले.

बाई साठीच्या, जन्माने दिल्लीकर मराठी. बोलताना मध्येच एखादे हिंदी क्रियापद यायचे आणि त्यांना त्याची दाद नसायची. त्यांच्या खोलीत पुस्तकांची एक लांब फळी होती. मला मोठा धीर आला. माझ्याच पंथाचे कोणीतरी भेटले, असे वाटले. भाच्याशी तासभर एकांतात बोलणे झाल्यावर त्यांनी मला आत बोलावले आणि विचारले, “‘श्यामची आई’ तुम्ही दिलीत?”

मी काहीशा अभिमानानेच होकार दिला.

“तो बेचाळीसही रात्री वाचून बसलाय,” त्या म्हणाल्या. “आईला आपण फसवलं, हे एवढं एकच वाक्य ज्याच्या डोक्यात चोवीस तास फिरतंय, त्याला तुम्ही जगातली सगळ्यात सोशिक आई वाचायला दिलीत. पुस्तक सोन्यासारखं आहे. पण तुम्ही रोगी न तपासता दिलंत.”

मला त्या क्षणी फार राग आला. तो बाईंचा नव्हता, हे समजायला काही दिवस लागले.

पुस्तकाने मन बरे होते ही कल्पना फार जुनी आहे. थीब्झ येथील इजिप्शियन राजाच्या ग्रंथालयावर ‘आत्म्याचे औषधालय’ अशा अर्थाचा लेख होता, असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने लिहून ठेवले आहे. सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन निबंधकाराने १९१६ साली अशा उपचारास ‘बिब्लिओथेरपी’ हे नाव दिले. त्याचा तो निबंध अर्धाअधिक थट्टेचा होता, परंतु नाव टिकले. इंग्लंड-वेल्समध्ये तर या शतकाच्या आरंभापासून डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुस्तक लिहून द्यावे आणि रोग्याने ते सार्वजनिक ग्रंथालयातून घ्यावे, अशी व्यवस्थाही सुरू झाली. आपल्या भाषेला हे सारे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तकातून काढलेला तुकडाही ‘उतारा’ आणि विषावरचे औषधही ‘उताराच’! मात्र विष कोणते हे न पाहता उतारा देणाऱ्याला आपली भाषा काय म्हणते, तेही सर्वांस ठाऊक आहे.

बाईंनी भाच्याला पहिला प्रश्न विचारला होता: परीक्षेसाठी नव्हे, असे शेवटचे पुस्तक कधी वाचलेस? त्याला आठवेना. वस्तुतः त्याने ऐच्छिक विषय मराठी वाङ्मय घेतला होता. नामदेवांचे अभंग, कुसुमाग्रजांचे ‘विशाखा’, नारायण सुर्व्यांचे ‘जाहीरनामा’, उद्धव शेळक्यांचे ‘शिळान’ हे सारे त्याच्या अभ्यासक्रमात होते. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ होते; मराठवाड्यातल्या एका पोरक्या मुलाने शिक्षणापायी काढलेल्या उपासांची ती कहाणी, म्हणजे जवळजवळ त्याच्या शेजारच्या रानातली. त्या पुस्तकावर त्याने तीन रंगांच्या पेन्सिलींनी रेघा ओढल्या होत्या आणि समासात ‘दारिद्र्यचित्रण, पंधरा गुण’ असे लिहिले होते. भूक वाचताना त्याला भूक दिसली नव्हती. गुण दिसले होते. त्याच्या हातून पुस्तके गेली नव्हती, वाचणे गेले होते.

अखेर पुष्कळ वेळाने त्याला सातवीत वाचलेला ‘फास्टर फेणे’ आठवला. बाईंनी चिठ्ठीवर तेच लिहून दिले: भा. रा. भागवत, फास्टर फेणे, रोज अर्धा तास, पेन्सिल न घेता.

सत्तावीस वर्षांच्या माणसाला पोरांचे पुस्तक! मी आक्षेप घेतला. “त्याला जिथपर्यंत वाट आठवते, तिथूनच परत निघावं लागेल,” एवढेच त्या म्हणाल्या. मग ते पुस्तक शोधणे आले. मराठी पुस्तक दिल्लीत शोधणे म्हणजे एक यात्राच असते. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा जुना बाजार २०१९ नंतर महिला हाटच्या आवारात भरू लागला. तेथे दोन रविवार हिंडलो, पण इंग्रजी कादंबऱ्यांच्या ढिगांत मराठी अक्षर दिसले नाही. अखेर करोलबागेतील एका जुन्या स्नेह्यांच्या माळ्यावर, मुलांच्या सायकलीमागे, फेण्याच्या दोन पोथ्या निघाल्या. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला तो चळवळ्या पोरगा आमच्या घरात आला, आणि चार दिवसांनी आतल्या खोलीतून एकदा हसण्याचा आवाज आला. माझी पत्नी पोळी लाटता लाटता थांबली. आम्ही दोघे काही न बोलता एकमेकांकडे पाहत राहिलो.

नंतरची चिठ्ठी ‘बनगरवाडी’ची होती. १९५५ चे हे व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक मी आयुष्यात पाच वेळा वाचले असेन. परंतु ते या दुखण्यावर चालेल, हे माझ्या ध्यानी आले नसते. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, शाळा भरवतो, लोकांना जमवून तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. पुस्तक संपते तेव्हा हाती काही उरत नाही, आणि तरीही ते सारे फुकट गेले असे वाचणाऱ्याला क्षणभरही वाटत नाही. तीन वर्षे फुकट गेली असे मानणाऱ्या मुलाला हे कोणी उपदेश करून सांगितले असते, तर त्याने ऐकले नसते.

बाईंच्या टेबलावर व्हिक्टर फ्रँकल यांचे एक पुस्तक कायम असे. नाझी छळछावण्यांतून वाचून आल्यावर या मानसोपचारतज्ज्ञाने आपले अनुभव सांगितले, ते १९४६ साली प्रसिद्ध झाले, हे मला ठाऊक होते. त्याआधीची गोष्ट ठाऊक नव्हती. तरुणपणी त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी मोफत सल्ला-केंद्रे काढली होती, आणि १९३० च्या सुमारास शाळांचे निकाल लागण्याच्या दिवसांत विशेष मोहीम चालवली. कारण प्रगतिपुस्तक हाती पडले की मुले जिवाचे बरेवाईट करून घेत. पुढल्या वर्षी त्या शहरात एकही विद्यार्थी असा गेला नाही, अशी नोंद आहे. “तेव्हा त्याचं पुस्तक लिहून व्हायचं होतं,” बाई म्हणाल्या. “त्याच्याकडे मुलासमोर बसायला वेळ मात्र होता.”

हा टोला मला होता. तरी मी आणखी एक पुस्तक पुढे केलेच. भाच्याचे आजोबा वारकरी. घरात संध्याकाळी हरिपाठ होत असे. आजोबा गेल्यावर त्याने तो सोडला होता. तेव्हा श्रद्धेचा आधार म्हणून विनोबांची ‘गीता प्रवचने’ द्यावीत काय, असे मी विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ती तुरुंगात सांगितली आहेत ना?” होय, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. “म्हणजे सांगणारा कैदी आणि ऐकणारेही कैदी. तुम्ही त्याच्या तुरुंगात कधी बसलात? श्रद्धा चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. तो मागेल तेव्हा द्या. तोवर तुमच्याकडे दुसरं काही असेल तर ते द्या.”

माझ्याकडे काय होते, ते मला पक्के ठाऊक होते. १९७९ साली, पूर्वपरीक्षेची पद्धत प्रथमच सुरू झाली त्या वर्षी, मी त्याच परीक्षेला बसलो होतो आणि पहिल्याच पायरीवरून खाली आलो होतो. वडिलांना सांगितले होते की अर्जच वेळेत पोचला नाही. पुढे दुसऱ्या परीक्षेतून सहायक म्हणून चिकटलो आणि अवर सचिव होऊन निवृत्त झालो. बहिणीला हे कधीच कळले नव्हते. ‘मामासारखा हो’ असे ती ज्या मुलाला लहानपणापासून सांगत आली, त्याच्यापासून मी पंचेचाळीस वर्षांचे एक खोटे पुस्तकांच्या कपाटामागे लपवून ठेवले होते.

त्या रात्री गॅलरीत बसून मी त्याला ते सांगितले. कोणतेही पुस्तक हाती न घेता मी कोणाच्या दुःखाशेजारी बसल्याची ती बहुधा पहिली वेळ. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबांना खरंच वाटलं होतं का, पोस्टाचं?” मी म्हटले, “आता वाटते, नसावे.”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः आईला फोन लावला. मी बाहेर जाऊ लागलो, तर त्याने हाताने थांबवले. पलीकडून बहिणीचा आवाज मलाही ऐकू आला. ती आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली, “जमीन कुठं पळून जातीय का रे? तू ये.”

दिवाळीला तो गावी गेला. गोळ्या आणखी काही महिने चालू होत्या. बाईंशी बोलणे फोनवर होत असे. सध्या तो तालुक्याच्या गावी मुलांना इतिहास शिकवतो. पुन्हा परीक्षेला बसायचे की नाही, हे त्याने ठरवलेले नाही, आणि मी विचारीत नाही. जमिनीवरचा बोजा अजून उतरलेला नाही. संध्याकाळी देवळात हरिपाठाला जाऊन बसतो, असे बहीण सांगते. म्हणतो की नुसता ऐकतो, ते तिलाही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात टपालाने ‘बनगरवाडी’ परत आली. सोबत पत्र नव्हते. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती चाळून पाहिली. कोठेही रेघ नाही, समासात एक अक्षर नाही, पानाचा कोपराही दुमडलेला नाही. यातला कोणता उतारा त्याला लागू पडला, हे मला आता कधीच कळणार नाही.