आवर्तनाच्या पाण्यावर

नाथषष्ठीची गर्दी ओसरली की पैठणला गळ टाकणाऱ्यांचे दिवस येतात. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी इथे गोदावरीत जलसमाधी घेतली. त्या तिथीला दिंड्या येतात, वारकऱ्यांना गंगास्नान हवं असतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नदीत तर पाय बुडण्याइतकंही पाणी नसतं. मग वरच्या धरणातून पाणी सोडतात. अष्टमीला काला होतो, राहुट्या उठतात, सोडलेलं पाणी उतरत उतरत डोहांत गोळा होतं आणि मासाही त्याच्यामागे डोह धरतो. म्हणून जायचं तर षष्ठी आणि पाडव्याच्या मधल्या दिवसांत, असं मला तिथल्या एका भोई मामांनी सांगून ठेवलं होतं.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. धरण नजरेत भरतं ते उंचीनं नाही, लांबीनं. दहा किलोमीटरची मातीची भिंत. टेकड्यांचा आधार नसलेल्या सपाट मुलखात नदी अडवायची तर दुसरा इलाजच नव्हता. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होती. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. सरकारी कागदावर एकदा चढलेलं नाव खाली उतरत नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. मागे साठलेलं पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं, पण ते उथळ आहे, परातीत ओतल्यासारखं. एकूण साठा १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृतसाठा. उरलेल्या पाण्यावर मराठवाड्याचं राजकारण चालतं.

भिंतीजवळ गळ टाकू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. घाटावर टाकायला आपलंच मन होत नाही. नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले अशी श्रद्धा. तिथे कणकेच्या गोळ्या मळत बसणं शोभत नाही. आम्ही गावाच्या खाली चालत गेलो. जुन्या वस्तीच्या पांढरीवरून जाताना पायाखाली खापरांचा कुरकुर आवाज येतो. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘पैठाना’ येतं: भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून गाड्या भरभरून ओनिक्स दगड बंदराकडे जातो, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. हालाच्या प्राकृत गाथांतही गोदावरी येते, तिचे काठ येतात, काठावर भेटणारी माणसं येतात. त्या नदीला पावसाळ्यात कोण अडवणार होतं? मृगाच्या पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत, नवं पाणी शिरलेल्या ओढ्यानाल्यांत अंडी घालत. चढणीचा मासा म्हणजे काठाकाठानं मेजवानीच. धरणाच्या खालच्या अंगाला आता मासा चढतो तो भिंतीपर्यंत.

डोहाशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मामांकडे बांबूची काठी, तंगूस आणि बोयऱ्याच्या जागी थर्माकोलचा तुकडा. माझ्याकडची रीळवाली काठी त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

“गळ टाकायच्या आधी हितं बघा,” म्हणत त्यांनी कडेच्या गुडघाभर पाण्याकडे बोट केलं. तळाच्या गाळात ताटाएवढे गोल खळगे, एकाला एक लागून. प्रत्येकात एक काळसर नर, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत ताठ. शेजारी हद्दीत शिरला की तोंड वासून धावून जायचा, परत येऊन आपल्या खळग्यावर उभा राहायचा. मध्येच तोंडात चिखल भरून बाहेर नेऊन थुंकायचा. पाणी तापायला लागलं की चिलापी अशी घरं करते. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. पिलं निघाली तरी धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात पळतात. हा मासा आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणलेला. त्याला पूर नको, चढण नको, वाहतं पाणीही नको. साचलेलं डबकं त्याला पुरतं, आणि साचलेल्या पाण्याचं राज्य आपण त्याला बांधून दिलं आहे.

रोहू-कटलाही असेच बाहेरचे. ते उत्तरेतल्या गंगेकडचे. दक्षिणेच्या जलाशयांत त्यांचं बीज माणसानं सोडलं. पैठणकर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा ते पाहुणे नावानं तरी घरीच आले.

चिलापी पटापट लागत होती. रोहूनं मात्र कणीक तेवढी खाल्ली. शेवटी मामांच्या गळाला एक वांब लागली; ती काठीभोवती अशी वेटाळली की सोडवताना त्यांचा हात कोपरापर्यंत चिकट झाला. “ही मात्र आपल्या नदीची,” ते म्हणाले, आणि तिला वेगळ्या ओल्या गोणपाटात ठेवलं.

मी धरणाचा विषय काढला. त्यांना शिव्या द्यायच्या नव्हत्या. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. परभणीपर्यंत ऊस पिकतो तो याच पाण्यावर. नदीच्या वाट्याला जे येतं ते सणावाराला, खालच्या बंधाऱ्यांच्या आवर्तनाला, नाहीतर एकदम अंगावर. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, तेव्हा पैठण गावातच शिरलं. मामांचं घर त्यात गेलं. ते सांगताना त्यांनी गळावरची नजर काढली नाही. कोरड्या नदीच्या काठच्या माणसाला पुरानं उठवावं, हा या गावाच्या नशिबाचा भाग मला धरणाच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

दहाच्या सुमारास मोटारसायकलवर काटा बांधलेला व्यापारी आला. चिलापीचा त्यानं ढीग लावून भाव केला. वांब पाहून मात्र हॉटेलवाल्याला फोन लावला. मामा म्हणाले, “ती विकायची नाही.” घासाघीस सुरू झाली, भाव दोनदा वाढला. मग पोरीच्या सासरचे येणार आहेत, हे मामांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर व्यापाऱ्यानं गाडीला किक मारली.

“पाडव्यानंतर या,” मला ते म्हणाले. “आपेगावच्या बंधाऱ्याला पाणी सोडणार म्हणतात. सोडलं तर फोन करतो.”