निशाणी नांगर

5 जानेवारी 2025, रविवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी आज खाली काढली. अण्णा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आत सातबाऱ्याचे जुने उतारे, पाटपाण्याच्या पावत्या आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक कागद निघाला. मोडीतला. मोडी मी कॉलेजात असताना शिकले होते, आता अडखळतच वाचता येते. दुपारभर उन्हात बसून अक्षर अक्षर लावलं.

खत आहे. शके 1796, मार्गशीर्ष, म्हणजे 1874 चा डिसेंबर. लिहून देणार आमचे खापरपणजोबा. मागील बाकी 32 रुपये, तीन वर्षांचं व्याज 23, आज रोख 5, एकूण 60. व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. खाली साक्षीदारांची नावं आणि कडेला चार रेघांत काढलेला छोटासा नांगर, त्याच्या शेजारी दुसऱ्याच हातचं अक्षर : निशाणी नांगर.

ज्याला अक्षर येत नव्हतं त्यानं नांगर काढला. लेखणी दाबून धरली असावी, रुमण्याच्या जागी शाई फुटून पसरली आहे.

साठ रुपयांचं खत आणि हातात आले पाच. त्यातूनही सावकारानं आपली मनोती कापली असेलच.

8 जानेवारी, बुधवार

राहुरीच्या कोर्टातून यायला संध्याकाळ झाली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग. घरी ओट्यावर वस्तीवरचे एक नवराबायको माझी वाट बघत बसलेले. त्यांची एक एकर जमीन 2016 साली एकाच्या नावावर खुशखरेदीनं झाली. खरं तर ते मुलीच्या लग्नासाठी काढलेले दीड लाख होते. तोंडी बोलणं असं, की पैसे फिटले की जमीन परत लिहून देतो. आता समोरचा म्हणतो, कसलं कर्ज? खरेदीखत वाचा.

"वकीलबाई, कागद त्याच्या बाजूनं बोलतोय. आमच्या बाजूनं कोण बोलणार?" ते म्हणाले.

मी त्यांना 2014 च्या सावकारी कायद्याचं कलम 18 सांगितलं. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. पण खरेदीच्या मागे कर्ज होतं हे दाखवावं लागेल. वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, "ताई, पैसे किती आणि कधी दिले ते मी सांगते. घरी बघते."

12 जानेवारी, रविवार

खताचा विषय डोक्यातून जात नाही म्हणून रानड्यांवरची पुस्तकं पुन्हा काढली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की लोकांना हायकोर्ट आठवतं, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आठवते. मला आठवतात ते हायकोर्टाच्या आधीचे रानडे.

1842 साली निफाडला जन्म, लहानपण कोल्हापुरात. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. वाचून वाचून डोळे कायमचे अधू झालेले. 1871 मध्ये पुण्याला न्यायाधीश, पुढे नाशिकला. मग 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात वाडे जळले, आणि सरकारला रानड्यांचा संशय आला. नाशिकहून त्यांना धुळ्याला टाकलं. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात.

आणि त्याच 1879 साली आमच्या भागाचा कायदा झाला : दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर, या चार जिल्ह्यांसाठी. त्याच्या चार वर्षं आधी, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं जाळली. लोण इकडे पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत आलं. लोकांना सावकाराचा जीव नको होता, कागद हवे होते. कारण साध्या खताची मुदत तीन वर्षं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत करून घेई, व्याज मुद्दलात जाई आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज चढे. कोर्टात दावा गेला की कुणबी हजरच राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई.

आमच्या पेटीतल्या कागदात 32 चे 60 झाले ते असे.

नव्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं : खतावरचा आकडा प्रमाण मानू नका. प्रतिवादीला बोलवा, त्याची जबानी घ्या, पहिली उचल कधी, किती, हातात काय आलं, फेडलं किती, हा सगळा हिशेब मुळापासून उकला. मग झेपतील असे हप्ते बांधून द्या. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. लहान दाव्यांत अपील ठेवलं नव्हतं, म्हणून खालच्या कोर्टांची दप्तरं तपासायला खास न्यायाधीश नेमले. 1881 पासून रानडे या कामात आले, आधी सहायक म्हणून आणि पुढे स्वतः खास न्यायाधीश. वर्षातले कित्येक महिने फिरती. आज या तालुक्याचं दप्तर, उद्या त्या. अधू डोळ्यांनी त्यांनी किती नांगरांच्या निशाण्या पाहिल्या असतील!

रात्री भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत कायदा शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, आमच्याकडे सुरुवातीला सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही असेच फिरायचे. 1789 च्या कायद्यानं त्यांना ते बंधनच होतं. जेम्स आयर्डेल नावाचे एक होते, वॉशिंग्टननी 1790 मध्ये नेमलेले. दक्षिणेतल्या खराब रस्त्यांनी फिरून थकले आणि 1799 मध्ये, पन्नाशीच्या आत गेले. मला ते आवडलं. न्याय जिथे मागायचा तिथपर्यंत न्यायाधीशानं यावं, हे दोन्हीकडे कुणाला तरी वाटलं होतं.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वाणवसा, तिळगूळ, बायकांची ये-जा. पाटाला आवर्तन सुटलंय, त्यामुळे पुरुषमाणसं रानातच. काही लिहून झालं नाही.

16 जानेवारी, गुरुवार

आज रानड्यांची पुण्यतिथी. 1901 साली गेले.

त्यांची एक गोष्ट मला अजून पटत नाही. 1873 मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसला. त्यांनी तिला स्वतः शिकवलं, तीच रमाबाई पुढे किती मोठी झाली, हे सगळं खरं. तरी त्या दिवशी ते चुकले असंच मी म्हणेन.

पण न्यायाधीश म्हणून त्यांनी जे ओळखलं ते थोर आहे. कोर्ट जुनं कर्ज उकलून देईल, पण पुढच्या पेरणीला बी कुठून येणार? कायद्यानं सावकार हात आखडता घेतो, मग गरजवंतानं कुणाकडे जावं? म्हणून वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेचा आराखडा उचलून धरला. तो लंडनमध्ये नामंजूर झाला. 1891 च्या पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत ते पुन्हा शेतकऱ्याला कर्ज कुठून मिळावं यावरच बोलले. 1893 मध्ये तेलंगांच्या जागी हायकोर्टात गेले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला 1904 साली, त्यांच्या मागे.

आमच्यापासून लोणी किती लांब? विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढला, 1950 मध्ये गाळप सुरू झालं. अण्णांना पहिलं कर्ज सोसायटीनं दिलं ते ऊस उभा होता म्हणून. त्या कागदावर अण्णांची सही आहे, वळणदार, नावाखाली रेघ मारलेली.

आता 'खत' म्हटलं की पोरांना युरियाची गोणी दिसते. मला बरं वाटतं.

19 जानेवारी, रविवार

सकाळीच वहिनी आल्या. पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली, 2016 पासूनची, महिन्यामहिन्याची, सुतळीनं बांधलेली. दुधाच्या हिशेबाशेजारी, तारखेच्या चौकोनात, बारीक पेन्सिलीनं : "त्यांना 4500". पुढच्या महिन्यात पुन्हा 4500. कुठे "3000, बाकी कांदा विकल्यावर". एका चौकोनात नुसतं "घरी येऊन बोलला".

दीड लाखाला दरमहा 4500, म्हणजे शेकडा तीन. जमीन विकून मोकळा झालेला माणूस घेणाऱ्याला व्याज कशाला देईल?

"ताई, हे चालंल का? मला लिहिता येतं एवढंच," त्या म्हणाल्या.

मी चहा ठेवला, कोरा ताव घेतला आणि पहिलीपासून तारखा उतरवायला बसलो दोघी. त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले. दुपारपर्यंत 2019 च्या आषाढापर्यंत आलो.