उतरल्यानंतरचा वारा

विमान चालविणे आम्ही सोडले त्याला आता बरीच वर्षे झाली. तरीही ज्येष्ठातला पश्चिमवारा खिडक्या आपटू लागला, की आमचे पाय नकळत फरशीवर रडरचे पेडल शोधू लागतात.

त्या दिवशी आम्ही दोन आसनांचे सेसना १५२ घेऊन निघालो होतो. परवाना हाती येऊन दोनच महिने झालेले. शेजारी धाकटा भाऊ. परतताना टॉवरने वारा सांगितला: ३०० अंशांकडून १८ नॉट, झोत २६ नॉटपर्यंत. धावपट्टी २७ क्रमांकाची, म्हणजे तिची दिशा २७० अंश. कोन ३० अंशांचा असला, की वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो. १८ चे ९ झाले. या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १२ नॉटचा आकडा छापलेला असतो. आम्ही निश्चिंत झालो. २६ चे १३ होतात, हे गणित काही अवघड नव्हते. ते आम्ही केले नाही, एवढेच. शिवाय तो आकडा म्हणजे हमी नव्हे. चाचणी घेणाऱ्या वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखविले होते, इतकाच त्याचा अर्थ.

वारा उजवीकडून होता. उजवा पंख खाली, रडर डावीकडे, नाक धावपट्टीच्या रेषेत, आधी उजवे चाक टेकवायचे. हे सारे आम्ही शिकविल्याप्रमाणे केले. चूक झाली ती चाके टेकल्यावर. 'उतरलो' असे मनाशी म्हणून आम्ही हात सैल सोडला. वस्तुतः वेग उतरतो तसतसा एलेरॉनचा प्रभाव ओसरतो. म्हणून कंट्रोल वाऱ्याच्या बाजूला अधिकाधिक, अखेर पूर्ण वळवून धरावे लागते. पुढच्याच झोताने उजवा पंख उचलला. वाऱ्याने शेपूट ढकलले आणि वातकुक्कुटाप्रमाणे नाक वाऱ्याकडे फिरले. आम्ही धावपट्टी सोडून गवतात गेलो. डाव्या पंखाचे टोक घासले, पुढचे चाक मोडले, प्रोपेलर वाकला.

इजा कोणालाच झाली नाही. बाहेर आल्यावर भावाने मात्र विचारले, "दादा, तेव्हाच उतरायला हवं होतं का? परत वर नसतं का जाता आलं?"

आले असते. टाकीत तासाभराचे इंधन होते. वारा पडेपर्यंत थांबता आले असते. गो-अराउंडचा सराव तर आम्ही कित्येकदा केला होता. पण भावादेखत पहिल्याच खेपेला उतरून दाखवायचे होते, आणि पुन्हा वर जाणे म्हणजे उतरता न येणे, असे आम्ही त्या वयात समजत होतो.

"वारा फार होता रे," असे आम्ही त्याला सांगितले. ते खोटे नव्हते. मात्र टॉवरने तो वारा आम्हांला आधीच सांगितला होता, आणि शेजारी बसून भावानेही तो ऐकला होता.