कॉर्डोब्यातलं वांगं

युरोपात जाऊन आलेल्या माणसाला भाटघरमध्ये ‘काय पाहिलं?’ असं कुणी आधी विचारत नाही. ‘खाल्लं काय?’ हा पहिला प्रश्न. तो मुसलमान शेजारणीच विचारतात असंही नाही. ‘बाई, तिकडं सगळ्यात डुकराचं असतं म्हणे, उपाशी नाही ना राहिलात?’ असं काळजीनं विचारणाऱ्या मराठा काकूही होत्या.

माझा भाचा माद्रिदला नोकरीला आहे. त्याच्याबरोबर दोन दिवस कॉर्डोब्याला गेले. तिथली प्रसिद्ध मशीद अब्दुर रहमान पहिला याने आठव्या शतकात बांधायला घेतली. 1236 मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकलं आणि तिचं कॅथेड्रल झालं. लाल-पांढऱ्या कमानींखालून फिरले, मेहराबसमोर उभी राहिले. जोहरची वेळ झाली होती, पण तिथे नमाज पढायला परवानगी नाही. मुक्कामी येऊन पढले. वाईट वाटलं. तरी ती वास्तू परत मिळावी, असं मनात आलं नाही. प्रार्थनास्थळांच्या मालकीवरून काय काय होतं, ते आपण आपल्या देशात पुरेसं पाहिलंय.

मग जेवायला बसलो. तिथलं टोमॅटोचं गार, दाट सूप नावाजलेलं, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे. ते नको म्हटलं. भाच्याने तळणीचं तेल वेगळं असल्याची खात्री करून घेतली आणि समोर आले वांग्याचे काप. पिठात घोळवून तळलेले, वरून उसाची काकवी!

वांग्याला तिथे ‘बेरेनहेना’ म्हणतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे कान टवकारले. संस्कृत ‘वातिंगण’ मराठीत वांगं झालं, फारसीत बादिंगान, अरबीत बादिंजान आणि स्पेनमध्ये बेरेनहेना. तसंच शर्करेचं. आपली साखर, अरबीतली सुक्कर, तिकडची ‘असूकार’. स्पेनमध्ये ऊसही अरबांनीच नेला. आमच्या धरणाचं पाणी नीरेतून बारामती-फलटणच्या उसाला जातं, म्हणून ती काकवी मला परकी वाटली नाही.

पण याच देशात 1492 ला ग्रानाडा पडल्यावर मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. नंतरही धर्मन्यायालयाची नजर त्यांच्या चुलीवर होती. डुक्कर न खाणं, चरबीऐवजी तेलात रांधणं हा संशयाला पुरेसा पुरावा ठरे. 1609 ते 1614 या काळात सुमारे 3 लाख लोकांना देशाबाहेर काढलं. आज तेच ऑलिव्हचं तेल स्पेनची शान आहे आणि त्याचं नाव ‘असेइते’ अरबी ‘अज्-जैत’वरूनच आलंय. माणसं हाकलली, त्यांचा स्वयंपाक ठेवून घेतला.

माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण अर्धंच उघडते. वास आला तर कुणी काही बोलेल, म्हणून. डब्यात बहुतेक वेळा वांग्याची भाजीच असते. पुढच्या आठवड्यात ‘शब्दांचा प्रवास’ शिकवायचाय. त्या दिवशी फळ्यावर पहिला शब्द ‘वांगं’ लिहिणार आहे, आणि मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन तिच्या शेजारी बसणार आहे.