जास्वंदीचा कापूस

मीरा रोडच्या आमच्या इमारतीत बाग म्हणजे खिडकीची ग्रिल. तिच्यातच जास्वंद, तुळस, कढीपत्ता, मनी प्लांट, आणि उरलेल्या जागेत वाळत घातलेली पायपुसणी. फांद्या एकमेकींना भिडलेल्या, त्यामुळे एका झाडावरची कीड दुसऱ्यावर चालतच जाते.

समोरच्या काकूंनी उन्हाळ्यात हाक मारली, "अगं, जास्वंदीला कापूस लागलाय, जरा बघून जा." मी आधी मुंग्या बघितल्या. कुंडीच्या काठावरून खोडावर त्यांची रांग लागली होती. कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी चढतात आणि ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. खालची पानं काळवंडली होती. काकूंना ती रस्त्याची धूळ वाटत होती, पण ती चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी होती. शेंड्याची कोवळी पानं आखडून गोळा झाली होती. नखानं कापूस उकलला, तर आत गुलाबीसर अंड्यांचा रवा. एक मादी शेकडो अंडी घालते आणि वर मेणकट कापसाचं पांघरूण घालते. नुसतं पाणी मारलं तर ते त्या मेणावरून ओघळून जातं.

तेवढ्यात काका आतून बाटली घेऊन आले. "गावाहून पुतण्यानं दिलंय. शेतात कपाशीवर मारतात. एका फवाऱ्यात काम होईल." त्यांच्या ग्रिलपासून हात-दीड हातावर पलंग आहे, त्यावर नात झोपते. हॉलला वाऱ्याची वाट तेवढी एकच. मी स्पष्ट सांगितलं, "काका, हे घरात नको." 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या रानात. इथे तर त्याच ग्रिलमधली तुळस सकाळच्या चहात पडते आणि कढीपत्ता फोडणीत. बाटलीवर पीक लिहिलेलं असतं, एकराचं प्रमाण लिहिलेलं असतं. वन रूम किचनमधल्या जास्वंदीचं काहीच नसतं. काका काही बोलले नाहीत. बाटली मात्र पुतण्याबरोबर परत गेली.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. आखडलेले शेंडे कापले, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात दिले. खोडाच्या बेचक्यांतला कापूस जुन्या टूथब्रशनं खरवडला; जिथे ब्रश पोचेना तिथे सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड फिरवला. स्पिरिटनं मेण विरघळतं. कुंडीच्या मातीवर प्लास्टिक बांधून झाड मोरीत नेलं आणि पानांच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कडुलिंबाच्या तेलाचा फवारा: एक लिटर पाण्याला पाच मिली तेल आणि द्रवसाबणाचे थोडे थेंब. तेल आधी साबणात घोटून घ्यायचं, नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतं. पहिल्यांदा एकाच पानावर मारून पाहिलं, पान करपलं नाही तेव्हा सगळ्या झाडावर. कापसाखालची अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला पुन्हा.

मुंग्या अडवायला कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवू या, असं काकू म्हणाल्या. ते मला पटलं नाही. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याऐवजी कुंडी भिंतीपासून सुटी केली आणि स्टँडच्या पायांना व्हॅसलीन चोपडलं.

पुढे एक दिवस काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "मोठ्ठे ढेकूण झालेत गं, आणि पळतायत!" मी धावलेच. फांदीवर पांढऱ्या झालरींच्या अळ्या होत्या, दिसायला ढेकणांसारख्याच, पण कितीतरी मोठ्या आणि चपळ. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची पिल्लं. हा किडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. नंतर तो पिठ्या ढेकणांचा हमखास वैरी म्हणून ओळखला गेला. मी काकूंच्या हातातला ब्रश काढून घेतला. एका अळीनं कापसात तोंड खुपसलेलं आम्ही दोघींनी भिंगातून पाहिलं. त्या झाडावर मग आम्ही फवारा बंदच केला. ज्यांना चिरडायचं नाही तेच अगदी किडीसारखे दिसतात, याची मला फार काळजी वाटते. घरोघरी किती ढालकिड्यांची पिल्लं टूथब्रशखाली जात असतील!

पावसाळ्यात कुंडीतून उडणारी बारीक चिलटं हा त्यामानानं सोपा प्रकार. कोकोपीट सतत ओलं राहिलं की त्यांच्या अळ्या वाढतात. वरची माती सुकेपर्यंत पाणी तोडायचं आणि पिवळं चिकट कार्ड खोचायचं. ऑक्टोबरच्या उन्हात पानं फिकट ठिपक्यांनी भरली, तर पांढऱ्या कागदावर पान झटकायचं. ठिपके चालू लागले तर लाल कोळी. तो आठ पायांचा, कीटक नव्हेच. पुष्कळशी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मेल्यानं त्याचंच फावतं. पानांच्या पाठी पाण्यानं नीट धुतल्या की त्याचा जोर ओसरतो.

आमच्याकडे कीड बहुतेकदा नव्या रोपाबरोबर येते. परवा काकूंनी नर्सरीतून अरेका पाम आणला. काका तो हॉलमध्ये मांडायला निघाले होते. काकूंनी आधी देठांच्या बेचक्यांत भिंग घालून पाहिलं आणि कुंडी मोरीच्या खिडकीत ठेवायला लावली, दोन आठवडे तरी.