बावखल

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत, जुन्या वाडीची श्रीमंती तिच्या बावखलावरून कळत असे. जमीन रेताड, गोडे पाणी थोडे खणले की लागणारे, म्हणून वाडवडिलांनी वाडीतच खणून ठेवलेले हे लहानसे तळे. काठाला रहाट, रहाटाला गाडग्यांची माळ. पाणी वर येऊन पाटात उतरायचे आणि केळी, पानवेल, फुलझाडे, भाजीपाला यांच्या वाफ्यांत पसरायचे. आगाशीची सुकेळी याच पाण्यावर पिकलेल्या केळ्यांची. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरे, उन्हाळ्यात तळाला जाई, आणि तळातला गाळ उपसून केळींच्या बुंध्याशी घातला जाई. माझ्या पिढीने हेच बावखल आधी बागायतीचे पाणी म्हणून पाहिले, मग कचरा टाकायची जागा म्हणून, आणि शेवटी इमारतीचे आवार म्हणून. ते कोणी बुजवले हे विचारण्यापेक्षा, ते बुजवणे इतके सोपे का गेले हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बावखलाची कामे दोन होती. बाग शिंपण्याचे काम मालकाचे. त्याचा हिशेब त्याला कळे. दुसरे काम कोणाच्याच हिशेबात नव्हते. पावसाचे पाणी ते धरून ठेवी, हळूहळू जमिनीत मुरवी, आणि त्या गोड्या पाण्याच्या दाबामुळे समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर राही. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल असे एक बावखल धरले तर त्यात सहा लाख लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. रहाट जाऊन इंजिन आले, मग विजेचा पंप आणि बोअर आली, तेव्हा पहिले काम संपले. शेतीला मजूर मिळेना, वाडीचे उत्पन्न घटले, जमिनीचा भाव चढत गेला. दुसरे काम मात्र चालूच होते. त्याचा मोबदला कोणी देत नव्हते, म्हणून ते कोणाला दिसत नव्हते. मग एका काठाला डबर पडू लागला, दोन-तीन पावसाळ्यांत पाण्यावर जलपर्णी चढली, डासांची तक्रार झाली, आणि लाल मातीच्या भरावाने सगळे सपाट झाले. बुजवणाऱ्याला काही गुंठे मिळाले. तोटा सगळ्या आळीत वाटला गेला, आणि वाटला गेल्यामुळेच त्यावर भांडायला कोणी उभे राहिले नाही.

अगदी कोणीच नाही असे मात्र नव्हे. १९९० मध्ये सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि बिल्डरांसाठी वसई खुली झाली, त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. नळाचे पाणी येण्याआधी इमारती आल्या होत्या आणि त्यांची तहान वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लावून भागवली जात होती. या चळवळीला विकासविरोधी म्हटले गेले. खरे तर ती जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मागत होती.

तो हिशेब जुलै २०१८ च्या मुसळधार पावसात समोर आला. वसई ही पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि पश्चिमेला समुद्र अशी बशीसारखी जागा. डोंगरावरून येणारे पाणी भातखाचरांत, खाजणांत, मिठागरांत पसरायचे आणि ओहोटीची वाट पाहायचे. त्या जागांवर भराव झाले. त्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रेल्वेगाडी अडकली, प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढले, वसईत मिठागराच्या वस्तीतली कुटुंबे पाण्याने वेढली गेली. पश्चिमेची बावखले शाबूत असती तर हा पूर आलाच नसता, असे म्हणणे खोटे ठरेल. तो प्रामुख्याने नाले आणि खाजणे आक्रसल्याचा पूर होता. पण चूक एकाच जातीची. जिथे पाणी थांबते ती जागा रिकामी समजली गेली. पुरानंतर आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि धारण तलाव करायला सांगितले. म्हणजे जे फुकट होते ते बुजवायचे आणि तेच पुन्हा सरकारी खर्चाने खणायचे.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. मुंबईतून माणसे इथे हौसेने आली नाहीत. १९८२ चा संप, गिरण्यांची पडझड, चाळीतली अपुरी खोली, लग्न झालेला मुलगा. गिरगाव-लालबागमधून विरारच्या गाडीत चढण्यावाचून मराठी माणसाला पर्याय नव्हता. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. त्यांनी कुठे राहायचे होते? इथेच, असेच माझेही उत्तर आहे. पण कोरड्या, उंच जागेवर, सांडपाण्याची सोय झाल्यावर. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, आणि न्यायालयाच्या आदेशाने २०२५ पर्यंत त्या पाडल्या गेल्या. आयुष्याची पुंजी घालून घर घेणारा रस्त्यावर आला. भराव करणारा केव्हाच पैसे घेऊन निघून गेला होता. त्यामुळे बावखलाची बाजू घेणे म्हणजे नव्या रहिवाशाच्या विरोधात जाणे, ही मांडणी मला मान्य नाही. तळमजल्यावर गुडघाभर पाण्यात फ्रीज उचलून ठेवणारा तोच असतो.

दुसरा आक्षेप मालकाचा, आणि तो अधिक अवघड. बावखल खासगी जमिनीत आहे. पाणी मुरवायचे सगळ्यांसाठी आणि जमीन अडकवायची एकट्याने, हा न्याय नव्हे. मान्य. मग त्याला मोबदला द्या. रस्त्यासाठी जागा गेली तर मालकाला विकास हक्क मिळतात. पाण्यासाठी जागा राखली तर का मिळू नयेत? शहराचा २००१ ते २०२१ चा आराखडा संपला आहे. नव्या आराखड्यात प्रत्येक बावखल गट नंबरासह नकाशावर यावे, सातबारावर त्याची नोंद व्हावी, आणि पावसाळ्याआधी गाळ काढायचा खर्च नालेसफाईच्याच तरतुदीतून व्हावा.