दिवाडीची मानस

गोव्याला जाणारा माणूस देवदर्शन करतो, समुद्र पाहतो आणि परततो. तुम्ही गेलात, तर एक सकाळ दिवाडी बेटासाठी राखून ठेवा. जुने गोवे येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली, की थोड्याच वेळात बेट लागते. धक्क्यावरून गावाकडे जाणारा रस्ता भातखाचरांमधून निघतो. आपण शेतकरी माणसे. आपले डोळे तिथेच खिळतात.

मी गेल्या वर्षी श्रावणात गेले, तेव्हा डोक्यात घरचीच एक गोष्ट होती. आम्ही घरामागची खळगी मुरूम टाकून भरली होती आणि वर फरशी घातली होती. अंगण मोठे छान दिसू लागले. पण आषाढात एका रात्री शेजारच्या काकूंच्या गोठ्यात गुडघाभर पाणी शिरले. "अगं, तुमच्या फरशीचं पाणी आलंय," एवढेच त्या म्हणाल्या. ते मनाला फार लागले.

दिवाडीच्या बांधावर उभे राहा आणि पाहा. एका हाताला भरतीने फुगलेली खारी नदी, दुसऱ्या हाताला तिच्याहून खालच्या पातळीवर डोलणारे भात! हीच खाजन जमीन. मातीचा बांध, त्याला जांभ्या दगडाचा आधार, आणि नदीच्या अंगाला लाटा अडवणारे कांदळवन. बांधात एके ठिकाणी लाकडी झडपांचे दार असते. त्याला 'मानस' म्हणतात.

एक म्हातारे शेतकरी तिथे बांधातली खेकड्यांची बिळे बुजवत होते. मी विचारले, "आजोबा, हे दार उघडायला रोज कोण येतं?"

ते हसले. "आमी नाय, बाय. नदीच लावते आनि नदीच उघडते."

तसेच आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, झडपा बंद होतात, खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला नदी उतरते, आतले पाणी रेटते, झडपा उघडतात आणि पावसाचे पाणी निघून जाते. दिवसातून दोन वेळा हा खेळ चालतो.

"पण भरतीलाच पाऊस कोसळला तर?"

त्यांनी शेतामधल्या रुंद चराकडे बोट दाखवले. त्याला 'पोंय' म्हणतात. दार बंद असेपर्यंत पाणी तिथे आणि सखल खाचरांत थांबते. "पान्याला बसायला जागा नको?" आजोबा म्हणाले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. आम्ही पाण्याची बसायची जागाच बुजवली होती.

ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या आधीची. बांध राखण्याचे काम गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराकडे असे. पोर्तुगीजांनी १५२६ साली या गावांचे रीतिरिवाज लिहून घेतले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. पण माशांच्या लोभाने खारे पाणी आत घेतले, की भात जळते. शेती पडीक राहिली, की बांधाकडे कोणी पाहत नाही. आणि भराव घालून घरे उठली, की थांबणारे पाणी दुसऱ्याच्या दारात जाते.

आपल्याकडे भरती-ओहोटी नाही, हे खरे. पण नदीला पूर आला, की ओढ्याचे तोंड बंद होते आणि पाणी मागे फुगते. तेव्हा नुसते गटार बांधून भागत नाही. पूर उतरेपर्यंत पाणी थांबायला जागा हवी. म्हणून घराजवळची खळगी, जुनी डबकी, ओढ्याकाठचा सखल तुकडा भरू नका. सगळ्या अंगणाला फरशी घालू नका, थोडी माती उघडी ठेवा. छपराचे पाणी दगड-वाळूच्या शोषखड्ड्यात सोडा. मुलासाठी तालुक्याला प्लॉट घ्यायचा, तर उन्हाळ्यात नव्हे, भर पावसात जाऊन पाहा.

घरी आल्यावर आम्ही मागची फरशी काढली आणि खळगी पुन्हा मोकळी केली. तिच्या काठाने केळी आणि अळू लावले. यंदा आषाढात दोन दिवस तिथे पाणी साचून राहिले आणि मग जिरले. काकूंचा गोठा कोरडा राहिला. एका पावसावरून फुशारकी मारू नये, हे मी जाणते. पण त्यांची गाय व्याली, तेव्हा खरवसाचे पातेले आधी आमच्याकडे आले.